गुडघ्याचे दुखणे आणि परदेशची वाट

(संस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



विद्यार्थ्यांचा गुणगौरव झाला, वार्षिक अहवाल वाचून झाला, आणि भोजनाची वर्दी येईपर्यंत आपणांशी चार शब्द बोलावेत अशी आज्ञा चिटणीसांनी आम्हांस केली आहे. आम्ही निवडलेला विषय गुडघेदुखीचा आहे हे ऐकून कित्येकांस हसू आले असेल. परंतु ह्या सभागृहाकडे एकवार दृष्टी टाकावी. आपल्या संमेलनात एके काळी सारी मंडळी सतरंजीवर बसत. पुढे वडीलधाऱ्यांसाठी भिंतीकडेला दहा खुर्च्या मांडण्यात येऊ लागल्या. आज सतरंजीवर केवळ बालगोपाळ आहेत, आणि बाकीची सारी ज्ञाती खुर्चीवर आहे. तेव्हा विषय हास्यास्पद असला तरी परका खास नाही.

प्रारंभीच एक गोष्ट कबूल केली पाहिजे. आम्ही वैद्य नव्हे. आमची हयात इतरांचे जमाखर्च तपासण्यात गेली. मग ह्या विषयात आम्ही का पडलो? त्याची कारणे दोन. पहिले कारण आमच्या घरातले, ते पुढे सांगू. दुसरे कारण सार्वजनिक आहे. आपल्या वैद्यकीय साहाय्य निधीकडे गतवर्षी एक अर्ज आला. गुडघ्याच्या विकारावर समुद्रापलीकडील एका चिकित्सालयात ‘मूलपेशी’ टोचून घेण्यासाठी निधीने मोठी रक्कम द्यावी, उरलेली रक्कम राहते घर गहाण ठेवून उभी करू, असे त्यात लिहिले होते. समितीत दोन तट पडले. एक पक्ष म्हणे, ज्ञातिबांधवाच्या वेदनेपुढे पैशाचा विचार करू नये. दुसरा म्हणे, निधी सर्वांचा आहे. अखेर अर्ज तहकूब झाला, आणि विषयाचा अभ्यास करण्याचे काम आमच्या गळ्यात पडले. आज सायंकाळी समितीची बैठक आहे. तेथे आम्ही कोणते मत देणार व का, हे आपणां सर्वांसमोर सांगावे असे आम्हांस वाटते. त्या कुटुंबाच्या घरी जाऊन आम्ही ते त्यांस आधीच सांगितले आहे, म्हणून येथे बोलण्यात त्यांचा विश्वासघात होत नाही.

प्रथम हा रोग म्हणजे काय ते पाहू. घरोघरी आपण ज्यास सरसकट ‘संधिवात’ म्हणतो, त्यात वस्तुतः अनेक निराळे रोग आहेत. आपल्या जुन्या आयुर्वेदग्रंथांनीही आमवात आणि संधिगत वात असा भेद केला होता. उतारवयात गुडघे धरतात तो बहुधा ऑस्टिओआर्थ्रायटिस होय. त्यात सकाळी उठल्यावर सांधा आखडतो, पण बहुधा अर्ध्या तासाच्या आत मोकळा होतो. चालण्याने, जिना उतरण्याने दुखणे वाढते आणि विसाव्याने कमी होते. ह्याउलट ज्या विकारात सांधे तास-तासभर आखडलेले राहतात, हातांची बोटे दोन्हीकडे सारखी सुजतात, तो निराळा रोग असू शकतो व त्याची औषधेही निराळी आहेत. सांधा एकाएकी लाल, गरम होऊन ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टरांस गाठावे. ह्या तिन्ही गोष्टींवर एकच तेल चोळत बसणे म्हणजे तीन खातेदारांची रक्कम एकाच खात्यात जमा करण्यासारखे आहे.

गुडघ्यात मांडीचे हाड नडगीच्या हाडावर टेकते, व पुढच्या अंगास वाटी असते. हाडांच्या टोकांवर कूर्चेचा गुळगुळीत थर असतो. ह्या कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात, आणि मज्जातंतूही नसतात. ह्या दोन गोष्टी ध्यानात ठेवल्या की पुष्कळ कोडी उलगडतात. रक्तवाहिन्या नसल्यामुळे कूर्चेस झालेली इजा सहजी भरून येत नाही. तिचे पोषण सांध्यातील वंगणद्रवातून होते. पाय टेकला की तिच्यावर दाब येतो, उचलला की दाब सुटतो, आणि स्पंजाप्रमाणे द्रव आतबाहेर होतो. म्हणजे हालचाल हेच कूर्चेचे अन्न होय. मज्जातंतू नसल्यामुळे आरंभीची झीज कळतच नाही. पुढे जे दुखते ते खालचे हाड, सांध्याचे आतील अस्तर आणि भोवतालचे बंध व स्नायू. हाड आपल्या परीने डागडुजी करू पाहते, आणि कडांना हाडाची टोके फुटतात. तात्पर्य, ही नुसती गाडीच्या चाकासारखी झीज नव्हे. तो साऱ्या सांध्याचा विकार आहे.

तो कोणास होतो? वय वाढत जाते तसा अधिक, पुरुषांपेक्षा स्त्रियांस अधिक, शरीर स्थूल असेल तर अधिक, पूर्वी गुडघ्यास दुखापत झाली असेल तर अधिक, आणि वर्षानुवर्षे उकिडवे बसून वा ओझी उचलून काम केलेल्यांस अधिक. काही घराण्यांत तो वारशानेही येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांनुसार २०१९ साली जगात सुमारे ५२ कोटी ८० लाख लोकांस हा विकार होता, व त्यांपैकी सुमारे ३६ कोटी ५० लाखांचा गुडघा दुखत होता. तेव्हा हे आपल्या ज्ञातीचे वा आपल्या देशाचेच दुर्दैव आहे असे मानण्याचे कारण नाही.

येथे आमच्या घरातली गोष्ट सांगतो. आमच्या वडील भगिनी, ज्यांस आम्ही आक्का म्हणतो, त्यांचे गुडघे वयाच्या साठीत दुखू लागले. बंधुप्रेमाने आम्ही त्यांस सांगितले, ‘आक्का, आता पडून राहा, हालचाल करू नका.’ सुनांनी हातचे काम काढून घेतले. आक्का दोन वर्षे पलंगावर बसून राहिल्या. वजन वाढले, मांडीचे स्नायू वाळले, आणि गुडघा पूर्वीपेक्षा दुप्पट दुखू लागला. कूर्चेचे अन्न आम्हीच तोडले होते. अज्ञानाने केलेली माया किती महाग पडते ह्याचा हा धडा आम्ही कधीही विसरणार नाही, आणि आज येथे उभे राहण्याचे हे आमच्या घरातले कारण होय.

आता उपचार. ह्या विकारात क्ष-किरण चित्राचे मोठे प्रस्थ आहे. १९५७ साली केलग्रेन व लॉरेन्स ह्या दोघा डॉक्टरांनी चित्रावरून शून्य ते चार अशा पायऱ्या ठरवल्या, व त्या आजही वापरात आहेत. परंतु चित्र वाईट असून फारसे न दुखणारे लोक आहेत, आणि चित्र बरे असून रडकुंडीस आलेलेही आहेत. उपचार चित्रावर करावयाचा नसून माणसावर करावयाचा आहे.

पहिली पायरी व्यायाम आणि वजन. मांडीचे स्नायू बळकट झाले की सांध्यावरचा भार ते वाटून घेतात. २००५ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात असे आढळले की, शरीराचे वजन एक किलो उतरले तर प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी उतरतो. दिवसाकाठी आपण किती पावले टाकतो ह्याचा गुणाकार ज्याने-त्याने करावा. डेन्मार्क देशात २०१३ पासून ‘ग्लॅड’ नावाचा उपक्रम चालू आहे. त्यात रोग्यास रोगाची समजूत दिली जाते, आणि सहा आठवड्यांत तज्ज्ञाच्या देखरेखीखाली बारा वेळा व्यायाम करवून घेतला जातो. ह्यात यंत्र नाही, सुई नाही, आणि परदेशगमनही नाही.

दुसरी पायरी औषधांची. वेदनाशामक मलम गुडघ्यावर लावणे हा प्रारंभीचा बरा मार्ग. गोळ्यांनी उतार पडतो, परंतु जठर, मूत्रपिंड व हृदय ह्यांस त्यांपासून अपाय होऊ शकतो, म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्याने व थोड्याच दिवसांसाठी त्या घ्याव्यात. सांध्यात टोचावयाच्या स्टिरॉइडचा गुण काही आठवडे टिकतो. ग्लुकोसामाइनच्या डब्या आपल्या पुष्कळ घरांत आहेत. इंग्लंडच्या शासकीय मार्गदर्शक संस्थेने २०२२ साली डॉक्टरांस ती देऊ नये असेच सांगितले. दुर्बिणीतून गुडघा धुऊन काढण्याची शस्त्रक्रियाही एके काळी जोरात होती. २००२ साली अमेरिकेतील ह्यूस्टन येथे १८० रोग्यांवर प्रयोग झाला. त्यांतील काहींच्या गुडघ्यावर केवळ त्वचेस छेद देऊन टाके घातले होते. दोन वर्षांनी पाहता खऱ्या शस्त्रक्रियेचा गुण खोट्या शस्त्रक्रियेहून अधिक आढळला नाही. हिशेबतपासनीस म्हणून आम्हांस हा प्रयोग फार आवडला. ताळेबंद असाच तपासावा लागतो.

तिसरी पायरी सांधा बदलण्याची. तिची हकीकत ऐकण्यासारखी आहे. इंग्लंडच्या लँकेशायर परगण्यात राइटिंग्टन येथील रुग्णालयात जॉन चार्नली नावाचे शल्यविशारद होते. खुब्याच्या कृत्रिम सांध्यासाठी त्यांनी प्रथम टेफ्लॉन वापरले. प्रारंभी रोगी सुखावले, परंतु काही वर्षांतच टेफ्लॉन झिजून भोवतालचे हाड खराब झाले, आणि शेकडो सांधे काढावे लागले. चार्नलींनी आपली चूक लपवली नाही. टेफ्लॉनचे व नव्या पदार्थाचे कण त्यांनी स्वतःच्या मांडीत टोचून घेऊन परिणाम पाहिला, आणि नोव्हेंबर १९६२ पासून पॉलिथिलीनचा सांधा बसवण्यास आरंभ केला. आजचा खुब्याचा सांधा ह्याच वंशातला आहे. गुडघ्याचा आधुनिक सांधा न्यूयॉर्क येथे १९७४ च्या सुमारास सिद्ध झाला. तो घडवणाऱ्यांत जॉन इन्सॉल व पीटर वॉकर ह्यांच्यासमवेत डॉक्टर चित्तरंजन राणावत हे होते. त्यांचे वैद्यकीय शिक्षण आपल्या इंदूर शहरी झाले होते.

ह्या राणावतांचाच एक प्रसंग आपणांपैकी अनेकांस स्मरत असेल. पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी ह्यांचे दोन्ही गुडघे ह्याच विकाराने निकामी झाले होते. देशाच्या पंतप्रधानांस जगातील कोणत्याही रुग्णालयाचे दार उघडे होते. परंतु ऑक्टोबर २००० मध्ये एक व जून २००१ मध्ये दुसरा, असे त्यांचे दोन्ही गुडघे मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात बदलण्यात आले, आणि शस्त्रक्रियेसाठी राणावत न्यूयॉर्कहून येथे आले. रोगी परदेशी गेला नाही, विद्या इकडे आली. आणि त्यास आता पाव शतक होत आले. आज ही शस्त्रक्रिया मुंबई-पुण्यातच काय, जिल्ह्याच्या कित्येक शहरांतूनही होते.

परंतु कृत्रिम सांधा म्हणजे कल्पवृक्ष नव्हे. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीनुसार शंभरांतील सुमारे ८२ कृत्रिम गुडघे २५ वर्षे टिकतात; ही बाजू जमेची. खर्चाच्या बाजूस हे लिहावे की, शंभरांत सुमारे एकास सांध्यात खोलवर जंतुसंसर्ग होतो, आणि पाचांतील जवळजवळ एकाचे समाधान होत नाही. २०१५ साली डेन्मार्कमध्ये शंभर रोग्यांचे दोन गट करून पाहिले. शस्त्रक्रिया झालेल्यांस गुण अधिक आला, परंतु गंभीर उपद्रवही त्यांच्यातच अधिक झाले. आणि दुसऱ्या गटात केवळ व्यायाम, आहार व औषध घेणाऱ्यांपैकी वर्षभरात साधारण चौघांत एकासच शस्त्रक्रिया करावी लागली. म्हणजे तिसऱ्या पायरीवर उडी मारण्यापूर्वी पहिल्या दोन पायऱ्या मनापासून चढून पाहाव्यात.

आता परदेशचा प्रश्न. आपल्या ज्ञातीतील शेकडो मुले-मुली आज परदेशात आहेत. आई विव्हळते आहे हे दूरध्वनीवर ऐकून मुलाचा जीव कासावीस होतो, आणि तो म्हणतो, ‘तू इकडे ये, येथे जगातले उत्तम उपचार आहेत.’ ह्या प्रेमाची थट्टा आम्ही करणार नाही. आमचे भाचे अमेरिकेत असतात. त्यांनीही असेच तिकीट धाडण्याची तयारी केली होती. तेव्हा आम्ही वही घेऊन बसलो व चार रकाने पाडले.

पहिला रकाना, वस्तूचा. तेथे जे मिळते ते येथे मिळत नाही काय? गुडघ्याच्या बाबतीत उत्तर बहुतांशी नकारार्थी आहे. तेथे बसवतात त्याच जातीचे सांधे येथेही बसवले जातात. ऑगस्ट २०१७ मध्ये आपल्या सरकारने त्यांच्या किमतींवर मर्यादा घातली, आणि सर्वसाधारण वापरातल्या सांध्याची किंमत दीड लाखांच्या आसपास होती ती कर वगळता सुमारे ५५ हजारांवर आली.

दुसरा रकाना, पैशाचा. विलायतेत सरकारी आरोग्यसेवा फुकट आहे असा समज आहे; परंतु ती तेथील रहिवाशांस. पाहुणा म्हणून गेलेल्यास ठरलेल्या दराच्या दीडपट आकार पडतो. अमेरिकेत पाहुण्यांसाठी मिळणारे विमे बहुधा जुन्या दुखण्याचा खर्च देत नाहीत. तेथे कायम वास्तव्याचा परवाना मिळालेल्या वृद्धांसही, स्वतःच्या वा जोडीदाराच्या नोकरीतून हक्क मिळाला नसेल, तर पैसे भरून सरकारी वृद्धविमा घेण्यासाठी पाच वर्षे सलग राहावे लागते. आपल्या रिझर्व्ह बँकेच्या योजनेखाली माणशी वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम बाहेर नेता येते, म्हणजे कायदा आडवा येत नाही. म्हणूनच विवेक आडवा यावयास हवा.

तिसरा रकाना, प्रवासाचा. सांधा बदलल्यावर पायाच्या शिरांत रक्ताच्या गाठी होण्याचे भय असते, व दीर्घ विमानप्रवासाने ते वाढते. म्हणून सहा आठवडे ते तीन महिने लांबचा प्रवास टाळण्यास सांगतात. तेवढे दिवस परमुलुखात राहण्याची सोय व खर्च कोण पाहणार?

चौथा रकाना मागाहूनच्या शुश्रूषेचा, आणि तोच सर्वांत मोठा. शस्त्रक्रिया दोन तासांची असते, पण गुडघा वाकता करण्याची तपश्चर्या कित्येक आठवड्यांची. सहा महिन्यांनी सांधा सुजला तर ज्याने तो बसवला तो डॉक्टर सात समुद्रांपलीकडे असतो. आक्कांनी हा रकाना आमच्याही आधी भरला होता. त्या भाच्यास म्हणाल्या, ‘अरे, रात्री कळ आली तर मी कुणाला सांगू? तू आणि सूनबाई कामावर. माझं इंग्रजी थँक्यूपाशी संपतं.’ भाचे समंजस; त्यांनी तिकीट रद्द केले आणि स्वतः रजा घेऊन इकडे आले.

आक्कांनी प्रथम चार महिने व्यायाम केला. डाव्या गुडघ्यास उतार पडला. उजवा वाकडा झाला होता, तो आपल्याच शहरात बदलला. निकाल आम्ही खरा तोच सांगतो. उजवा गुडघा आता दुखत नाही. डावा पावसाळ्यात कुरकुरतो. खाली मांडी घालून बसण्यास डॉक्टरांनी मनाई केली आहे. पन्नास वर्षे पाटावर बसून पूजा केलेल्या बाईस ही शिक्षा जड गेली. शेवटी देव्हारा उंच चौरंगावर ठेवला आणि त्या खुर्चीवर बसून पूजा करू लागल्या. पहिल्या दिवशी डोळ्यांस पदर लावून म्हणाल्या, ‘देवाला वर यावं लागलं माझ्यासाठी.’ मग स्वतःच हसल्या. आज त्या कोपऱ्यावरच्या देवळापर्यंत काठीवाचून जातात.

परदेशी कोणी जाऊच नये असे आमचे म्हणणे नाही. ज्यांची मुले तेथील रहिवासी आहेत व ज्या आईवडिलांस तेथे कायद्याने हक्क व विमा आहे, त्यांनी अवश्य उपचार घ्यावेत. एखादे अत्यंत गुंतागुंतीचे दुखणे असेल व येथील दोघा तज्ज्ञांनी ‘हे तेथेच होईल’ असे लेखी दिले, तर ज्ञातीने पाठीशी उभे राहावे. परंतु ज्या वस्तूचा गुण सिद्धच नाही तिच्यासाठी समुद्र ओलांडणे निराळे. गुडघ्याच्या ह्या विकारासाठी मूलपेशींच्या कोणत्याही उपचारास अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मान्यता दिलेली नाही. आपल्या भारतीय वैद्यक संशोधन परिषदेनेही २०१७ च्या मार्गदर्शक सूत्रांत, रक्तविकारांसारखे मोजके उपयोग वगळता, रीतसर प्रयोगाबाहेर मूलपेशी वापरू नयेत असे बजावले आहे. चकचकीत माहितीपत्रकात बऱ्या झालेल्यांची छायाचित्रे असतात. बऱ्या न झालेल्यांची नसतात. ज्या वहीत केवळ जमाच लिहिली आहे ती वही आम्ही आयुष्यात कधी मंजूर केली नाही.

म्हणून आज सायंकाळी आम्ही त्या अर्जाच्या विरुद्ध मत देणार आहोत. हे बोलताना आम्हांस सुख होत नाही. अर्जदारांच्या घरी आम्ही गेलो तेव्हा ते दाराशी उठून उभे राहण्यास मिनिटभर धडपडले, ते दृश्य डोळ्यांपुढून जात नाही. परंतु त्यांचे घर गहाण पडावे आणि गुडघा जसाच्या तसा राहावा, ह्यास आमची सही लागता कामा नये. केवळ नकार देऊन मोकळे होणे हाही धर्म नव्हे. म्हणून तीन सूचना समितीपुढे ठेवणार आहोत. एक, मोठ्या शस्त्रक्रियेपूर्वी दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घेण्याचा खर्च निधीने द्यावा, आणि त्याचा आरंभ ह्याच अर्जदारांपासून व्हावा. दोन, संस्थेच्या ह्याच सभागृहात आठवड्यातून दोन दिवस जाणत्या व्यायामतज्ज्ञाकडून गुडघ्याच्या व्यायामाचा वर्ग चालवावा. तीन, आपल्या ज्ञातीत ज्यांचे सांधे बदलले त्यांची एक वही ठेवावी, आणि गुण आला की नाही, उपद्रव काय झाला, खर्च किती आला, हे दरवर्षी तीत नोंदवावे.

ही तिसरी सूचना परदेशातूनच आणलेली आहे. स्वीडन देशाने १९७५ पासून आपल्या देशात बसवलेल्या कृत्रिम गुडघ्यांची नोंदवही ठेवली, आणि कोणता सांधा टिकतो व कोणता नाही हे तीवरून जगास कळले. परदेशातून आणावयाचेच तर ही सवय आणावी. तीस पारपत्र लागत नाही.

आता पंगतीची वर्दी आली आहे. जाता जाता एवढीच विनंती की, घरी गेल्यावर आईस, आत्यास, मावशीस ‘पडून राहा’ म्हणू नका. त्यांचा हात धरा, आणि अंगणाला एक फेरी मारून आणा. आमच्याकडून जे राहून गेले ते आपल्याकडून घडो.